खर्जाचा डबा

त्या घरात हल्ली सकाळचा चहा वेळेवर होतो, आणि थोरलीला नेमकं तेच खटकतं. पूर्वी चहाला वेळ अशी नव्हतीच. एकदा उकळायचा, झाकून ठेवायचा, पुन्हा गरम करायचा, मग कडू झाला म्हणून नव्यानं टाकायचा, आणि एवढं सगळं झाल्यावर घरचा मोठा माणूस डोळे चोळत येऊन म्हणायचा, "झाला का चहा? मी केव्हाचा वाट बघतोय."

आता वाट बघायला लावणारं कोणी राहिलं नाही. चहा उकळतो, गाळला जातो, प्यायला जातो.

त्या सकाळीही थोरलीनं तीन कप मांडले. तिची धाकटी जाऊ हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीवर बसते. एका हातानं केस विंचरत आणि दुसऱ्या हातानं उशा उचलत ती घरभर फिरत होती.

"ताई, माझं ओळखपत्र पाहिलंत का?"

"फ्रिजवर आहे."

"फ्रिजवर कसं गेलं ते?"

"चालत."

जाऊ हसली. जाऊचा नवरा, म्हणजे थोरलीचा दीर, न्हाणीघरात होता. नळ धो धो सोडलेला. दूध वर यायला लागलं होतं, थोरलीनं गॅस बारीक केला, आणि तेवढ्यात दार वाजलं. घंटा असताना कोणी दार ठोठावलं की समजावं, आलेला माणूस अवघडलेला आहे.

दारात मास्तर उभे होते. पूर्वी टायपिंग शिकवायचे म्हणून मास्तर, आणि आता दिराच्या बँडमध्ये की-बोर्डवर बोटंही टायपिंगचीच चालवतात म्हणूनही मास्तर. हा माणूस संध्याकाळचा. दिवे लागल्याशिवाय तो जागा असतो हेच कोणाला ठाऊक नव्हतं. हातात कापडी पिशवी, आणि पिशवीत काहीतरी जड.

"मास्तर, तुम्ही? सकाळी?" जाऊ म्हणाली. "सूर्य बघायला आलात का?"

"वहिनींकडे काम आहे," मास्तर म्हणाले आणि चपला काढून खुर्चीच्या अगदी कडेला बसले.

काम काय होतं ते सांगायचं, तर आधी दोघा भावांचं सांगायला हवं.

थोरलीचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. चौकाच्या वळणावर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून, आत एक जण बसला की दुसऱ्यानं बाहेर उभं राहावं एवढंसं दुकान. दिवसभर डोळ्याला भिंग लावून तो दुसऱ्यांची वेळ लावून द्यायचा आणि स्वतः जाईल तिथं उशिरा पोचायचा. लग्नालाही उशिराच आला. थोरलीच्या मामांनी विचारलं, "जावई करतात काय?" कोणी म्हणालं, घड्याळं दुरुस्त करतात. मामा म्हणाले, "मग एखादं स्वतःकडे ठेवायला सांगा."

गिऱ्हाईकं न्यायला विसरलेली घड्याळं तो घरी आणायचा आणि "चालतात का बघू" म्हणून भिंतीवर टांगायचा. प्रत्येकाची वेळ निराळी. जाऊ नवी लग्न होऊन आली तेव्हा आठवडाभर गप्प राहिली आणि मग तिनं विचारलं, "ताई, या घरात खरी वेळ कुठल्या खोलीत मिळते?"

संध्याकाळी दोघे भाऊ वाजवायला जायचे. धाकटा गिटार वाजवायचा. थोरला बेस, म्हणजे जाड तारांचं ते दांडगं गिटार, ज्याचा आवाज कानाच्या आधी पोटाला कळतो. की-बोर्डवर मास्तर, ड्रमवर मास्तरांचा मेहुणा. एका हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये त्यांची जागा ठरलेली होती, काचेच्या भिंतीला पाठ करून. ऐकणारे जेवत असायचे. टाळ्या पडल्या तर त्या बहुधा कोणाच्या तरी केकला असायच्या.

बेसवरही थोरला उशिराच. फार नाही. धाकट्याचा सूर निघाला की पापणी लवावी एवढ्यानं मागून याचा खालचा सूर यायचा. मागच्या खोलीत सराव चालायचा तेव्हा धाकटा वैतागायचा.

"दादा, तुझी बस चुकते का रे रोज?"

"तू पुढे हो," थोरला म्हणायचा, "मी आलोच."

जेवायला बोलावलं तरी तेच, बाहेर निघायचं असलं तरी तेच. तुम्ही व्हा पुढे, मी आलोच. आणि यायचाही. जन्मभर सगळ्यांच्या मागून आलेल्या या माणसानं घाई केली ती एकाच बाबतीत. दुकानातच गेला. भिंग डोळ्याला तसंच होतं आणि पुढ्यात कोणाचं तरी उघडलेलं घड्याळ. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला कितीतरी वेळ वाटत राहिलं की काहीतरी बारीक बघत बसलाय.

धाकट्यानं दुकान सांभाळलं. घरातली भिंतीवरची घड्याळं त्यानं एकेक करून उतरवली, पुसली, तेल दिलं आणि सगळी एकाच वेळेला लावून परत टांगली. त्याला वाटलं, दादाचं राहिलेलं काम आपण पुरं करतोय. कोणी त्याला काही म्हणालं नाही. घर वेळेवर चालायला लागलं. जेवणं वेळेवर, दिवे वेळेवर बंद. शिस्तीत चाललेलं ते घर बघून येणारेजाणारे म्हणायचे, सावरलात हो लवकर.

बँडला बेस हवा होता. एक जण आणून पाहिला. चांगला वाजवायचा, बोलायलाही नम्र. धाकटा त्याच्या शेजारी थोडे दिवस उभा राहिला आणि मग मास्तरांना म्हणाला, "त्याचं काही चुकत नाही. मलाच सवय होत नाहीये." मास्तरांनी आपल्या डाव्या हातानं खालचे सूर धरून पाहिले, पण त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर त्यांचा डावा हात सासुरवाडीला आल्यासारखा नुसता बसून राहतो. तेव्हा धाकट्यानं जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक डबा आणला.

साबणदाणीपेक्षा थोडा मोठा, रंग उडालेला, वर तीन बटणं आणि पायानं दाबायचा एक खटका. दुकानदार त्याला ऑक्टेव्ह पेडल म्हणाला. घरात तो पहिल्या दिवसापासून डबाच झाला. गिटारची वायर त्यात जायची, त्यातून दुसरी वायर निघून अँपमध्ये, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या त्या पेटाऱ्यात जायची. थोरलीनं विचारलं तेव्हा धाकट्यानं समजावून सांगितलं होतं.

"वहिनी, तू आणि दादा एकच गाणं एकदम म्हणायचात, तेव्हा कसं व्हायचं? सूर तोच, पण तू वरून चाललीस आणि तो खालून. तसं. मी गिटारवर एक सूर काढला की हा तोच सूर एक सप्तक खाली म्हणतो. खर्जात. म्हणजे वाजवणारा मी एकटाच, पण ऐकू यायला माझ्या बरोबर दा..." तो थांबला. "बरोबर बेस."

डब्याचे नखरे फार. त्याला एका वेळी एकच सूर कळायचा. चुकून दोन तारा हलल्या की खालचा आवाज गुळण्या केल्यासारखा बुडबुडायचा. म्हणून धाकट्यानं आपला हातच बदलला. पूर्वी तो सहाही तारा झोडपायचा. आता नको त्या तारा तळहातानं दाबून धरायचा, गिटारच्या मानेजवळ तार छेडायचा, तिथं आवाज गोल येतो म्हणून, आणि एक सूर पुरता विझू देऊन मगच दुसऱ्याला हात घालायचा. गर्दीतून वाट काढणारा माणूस रिकाम्या रस्त्यावर एकटा चालायला लागावा, तसं त्याचं वाजवणं झालं. आणि आणखी एक होतं. जाड तारांवर डब्याला सूर ओळखायलाच जरा वेळ लागायचा. गिटार आधी बोलायचं, आणि पापणी लवावी एवढ्यानं मागून, किंचित अडखळत, खालचा आवाज यायचा.

हे शेवटचं धाकट्यानं थोरलीला सांगितलं नव्हतं. ते तिला असंच कळलं.

संध्याकाळ होती. ती भाजी परतत होती आणि मीठ घातलं की घालायचंय याच्या विचारात होती. मागच्या खोलीचं दार बंद. भिंतीपलीकडून गिटारचा एक सूर आला, त्याच्यामागून खालचा. पुन्हा एक, पुन्हा मागून एक. तिचं लक्ष मिठात होतं. तोंडातून आपसूक निघून गेलं,

"अहो, आधी जेवून घ्या. मग काय वाजवायचं ते वाजवा."

त्या घरात 'अहो' एकाच माणसाला होतं. दिराला ती भाऊजी म्हणते. जाऊ नवऱ्याला सरळ अरे म्हणते. खोलीतला सूर अर्ध्यात तुटला. बाहेर टेबल पुसणाऱ्या जावेचा हातही थांबला. थोरलीनं भाजीत मीठ घातलं. रात्री जेवताना कळलं की ते दुसऱ्यांदा पडलं होतं, पण तिघांनीही ताट चाटूनपुसून संपवलं.

दुसऱ्या दिवशी जाऊ कामावरून येताना एक खोका घेऊन आली. हेडफोन होते. अँपला लावले की पेटारा मुका होतो आणि आवाज फक्त वाजवणाऱ्याच्या कानात जातो.

"आता तुम्हाला त्रास नाही, ताई," ती म्हणाली. तिच्या आवाजात इतकी माया होती की थोरलीनं "बरं केलंस गं" म्हणून तिच्या पाठीवरून हात फिरवला.

तेव्हापासून मागच्या खोलीतून कागदात उंदीर फिरावा तेवढा, तारेवरच्या नखाचा आवाज यायचा. थोरली कधी धुतलेले कपडे ठेवायच्या निमित्तानं दारावरून जायची. धाकटा डोळे मिटून बसलेला असायचा, कानावर ते काळे गोळे, पाय डब्याजवळ. सूर छेडला की मान जरा थांबायची, आणि मग होकार दिल्यासारखी हलायची. मागून काहीतरी पोचलं की मगच हलायची. थोरली उभी राहून ते बघायची आणि कपडे तसेच हातात घेऊन परत यायची.

एका माणसानं रोज घरी यावं आणि एकालाच भेटून जावं, तसं तिला वाटायचं. पण हे बोलायचं कसं? दोघं आपल्याला फुलासारखं जपताहेत आणि आपण सांगायचं, जपू नका? शब्द जुळायचे नाहीत. शिवाय बोलताना रडू फुटलं असतं तर त्यांनी आणखी जपलं असतं.

तर आता मास्तर खुर्चीच्या कडेला बसून चहात बघत होते.

"वहिनी, नवा डबा आणलाय." त्यांनी पिशवीतून चकचकीत निळा डबा काढून टेबलावर ठेवला. "चार सूर एकदम वाजवा, गडबडत नाही. आणि येतो कसा, वेळेवर. गिटारच्या पावलाला पाऊल जुळवून."

"मग भाऊजींना द्या."

"तो घेत नाही. परवापासून मागं लागलोय. आहे तो बरा आहे म्हणतो." मास्तरांनी कप खाली ठेवला. "तिकडे हॉटेलचा मॅनेजर म्हणतो, तुमच्यातलं कोणीतरी सारखं मागं पडतंय. मेहुण्याचा ठेकाही त्यामुळे ढळतो. सुधारलं नाही तर पुढच्या महिन्यापासून ते नुसती मशीनवर गाणी लावणार आहेत. या वयात आम्हाला दुसरं कोण उभं करतंय?"

थोरलीनं त्यांचा कप उचलून बाजूला ठेवला.

"दुकानदार जुना डबा बदल्यात घेतोय, म्हणून हा मिळाला. तुमच्या शब्दाबाहेर तो नाही, वहिनी. तुम्ही स्वतः आणून दिलात तर तो काही बोलणार नाही."

जाऊ एका पायात बूट घालून दाराशी उभी होती. "द्या, ताई," ती हळूच म्हणाली. "गेला तर बराच आहे तो. तुम्हालाही..." पुढचं तिनं गिळलं. तिची बस जायची वेळ झाली होती, पण दुसरा बूट तिनं घातला नाही.

थोरली मागच्या खोलीत गेली. खिडकीखाली अँप, त्यावर गुंडाळून ठेवलेले हेडफोन. भिंतीवर नवऱ्याचा बेस, तिनंच शिवलेल्या खोळीत. कोपऱ्यात त्याची खुर्ची, बसून बसून मध्ये खोल झालेली. जमिनीवर डबा. ती खाली बसली.

डब्यावर धाकट्यानं सुईच्या टोकानं काढाव्यात तशा बारीक पांढऱ्या खुणा केल्या होत्या, बटण कुठवर फिरवायचं याच्या. घड्याळवाल्याचा हात तो. एका खुणेशी 'हॉटेल' लिहिलं होतं, दुसरीशी 'घर'. कुठलं बटण कशाचं ते त्यानं समजावताना तिला दाखवलं होतं. हॉटेलच्या खुणेवर गिटारचा आवाज आणि खालचा आवाज सारखे. घराच्या खुणेवर खालचा पूर्ण उघडा, आणि गिटारचा, म्हणजे त्याचा स्वतःचा, जवळजवळ बंद.

बटणं घराच्या खुणेवर होती.

तिनं त्या खुणेवर बोट ठेवलं. मग दोरीवरचे चिमटे काढावेत तशा तिनं दोन्हीकडच्या वायरी काढल्या आणि डबा उचलला. दिसायला एवढासा, पण हाताला चांगला जड लागला.

बाहेर आली तर धाकटा टॉवेलनं डोकं पुसत उभा होता. त्यानं मास्तरांकडे बघितलं, टेबलावरच्या निळ्या डब्याकडे बघितलं आणि शेवटी थोरलीच्या हातांकडे. मास्तर छताकडे बघायला लागले.

"न्या, मास्तर," धाकटा म्हणाला. "खरंच न्या. वहिनीला त्याचा त्रासच होतो. मीच उगाच धरून बसलो होतो."

थोरलीनं डबा टेबलावर ठेवला. मास्तरांनी तो लगेच पिशवीत टाकला, माणूस पुन्हा विचार बदलायच्या आत.

"नवा लावून तर बघ," ते म्हणाले. "आणि ते कानातलं नको, आम्हालाही ऐकू दे."

धाकट्यानं थोरलीकडे बघितलं. तिनं मान हलवली आणि ती स्वयंपाकघरात गेली. ऐकायची तिची जागा तीच, ओट्यापाशी, भिंतीच्या अलीकडे.

कितीतरी महिन्यांनी त्या घरात गिटार मोठ्यानं वाजलं. धाकट्यानं सवयीनं एकेक सूर काढला, मग हळूहळू दोन, मग सगळ्या तारा. नवा डबा कुठे अडखळला नाही. खालचा आवाज गिटारच्या खांद्याला खांदा लावून आत यायचा, स्वच्छ, भरदार, क्षणभरही मागंपुढं नाही. मास्तर खोलीतूनच म्हणाले, "बघ. आता कोण नाव ठेवतो बघू."

नाव ठेवण्यासारखं काही नव्हतंच. थोरली ओट्याला हात टेकून उभी होती. सूर वाजला की ती थांबायची, मागून काही येईल म्हणून. मागून काही यायचं नाही. जे यायचं ते आधीच येऊन गेलेलं असायचं. नव्या बेसवाल्याच्या शेजारी उभं राहून धाकट्याला काय वाटलं असेल, ते तिला आत्ता कळलं. वेळेवर आलेल्या पाहुण्यासारखं. त्याचं काही चुकत नाही.

वाजवणं थांबलं. मास्तर खुशीत बाहेर आले, चपला घातल्या, पिशवी उचलली. धाकटा गिटार गळ्यात तसंच ठेवून त्यांच्यामागून दारापर्यंत आला. त्याचा चेहरा दिलेला शब्द पाळणाऱ्या माणसाचा होता. जाऊ अजून एकाच बुटावर उभी होती.

थोरली पदराला हात पुसत आली. तिनं मास्तरांच्या पिशवीत हात घातला आणि जुना डबा बाहेर काढला.

"मास्तर, हॉटेलात नवाच वाजू दे. तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण हा जायचा नाही."

"पण वहिनी, दुकानदाराला बदल्यात काय देऊ?"

"भिंतीवरचं घड्याळ न्या एखादं. सगळी चालतात आता."

मास्तरांनी रिकाम्या पिशवीत एकदा डोकावून बघितलं. ते पायरीवर तसेच उभे राहिले.

"वहिनी," धाकटा खालच्या आवाजात म्हणाला, "ठेवून काय करायचा तो? तुला ऐकवत नाही म्हणून तर आम्ही..."

"माहीत आहे मला." तिनं डबा दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला. जावेकडे एकदा बघितलं, तिला वाईट वाटू नये म्हणून, आणि मग दिराकडे. "एकच मागते, भाऊजी. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात असते, तेव्हा हा लावून वाजवत जा. घरच्या खुणेवर. हेडफोन लावू नका. मी हाक नाही मारणार."